मॅट पट्टीवरचं मेण आणि अजिंठ्याची लाख

मागच्या दिवाळीआधी आमच्या मामांनी गाडीला वॅक्स-पॉलिश करून घेतलं. पांढरी गाडी, आणि बॉनेटपासून टपापर्यंत दोन मॅट काळ्या पट्ट्या. वर्धेत अशा पट्ट्या लावून देणाऱ्याला आपण 'रेडियमवाला' म्हणतो आणि पट्टीला 'रेडियम'. त्यात रेडियम नावालाही नसतं. ते असतं व्हिनाइल, म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी प्लास्टिक, मागच्या बाजूला गोंद लावलेलं.

गाडी घरी आली तेव्हा पांढरा रंग आरशासारखा चकाकत होता, पण पट्ट्यांवर पांढुरके ढग उमटले होते. काही ठिकाणी उलट प्रकार, तिथे मॅट पट्टी चकचकीत झालेली. मामांनी कोरडं फडकं घेऊन जोरात घासलं. ढग थोडे कमी झाले, चकचकीत डाग मात्र वाढले. मग मला म्हणाले, "तू फिजिक्सवाली ना? सांग आता काय झालं ते."

उत्तर द्यायला दहा मिनिटं लागली. पण ते शोधताना मी भलतीकडेच गेले, थेट अजिंठ्याला. कारण नेमकी हीच गोष्ट तिथल्या भित्तिचित्रांवर झालेली आहे. चांगल्या हेतूने आणि त्या काळच्या जाणकारांच्या हातून. पेट किंवा नेट-सेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा असं मला वाटतं. प्रयोग सुरू करण्याआधी काय करायचं राहून जातं, ते त्यातून फार स्पष्ट दिसतं.

मॅट म्हणजे काय?

मॅट ही पृष्ठभागाची रचना आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत जातो, म्हणून चकाकी दिसते. खडबडीत पृष्ठभागावरून तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून चकाकी दिसत नाही. गुळगुळीत कशाला म्हणायचं याचा एक ढोबळ निकष लॉर्ड रेले यांच्या नावाने ओळखला जातो. समोरून प्रकाश पडत असेल, तर उंचसखलपणा तरंगलांबीच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५०० नॅनोमीटर धरली, तर ही मर्यादा ६० नॅनोमीटरच्या आसपास येते. म्हणजे पट्टीचं 'मॅटपण' डोळ्याला न दिसणाऱ्या खळग्या-उंचवट्यांत असतं.

आता मेण काय करतं? गाडीच्या रंगावर ते बारीक ओरखडे भरून काढतं आणि पृष्ठभाग सपाट करतं. चकचकीत रंगाला हेच हवं असतं. मॅट पट्टीवर मात्र तीन गोष्टी होतात. वाळलेल्या मेणाचे आणि पॉलिशच्या पुडीचे कण खळग्यांत अडकतात, ते झाले पांढरे ढग. जिथे थर नीट बसतो तिथे खळगे भरतात आणि पट्टी गडद, तेलकट दिसते. आणि घासल्यामुळे उंचवटेच झिजतात, तिथे कायमची चकाकी येते. पहिले दोन प्रकार बऱ्याच अंशी परत फिरवता येतात. तिसरा नाही.

खळगे भरले की रंग गडद का होतो, हे आपल्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात शेतातली काळी माती करडी दिसते, पहिला पाऊस पडला की तीच काळीभोर होते. माती तीच, फक्त कणांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३. कण आणि भोवतालचं माध्यम यांच्या अपवर्तनांकातला फरक कमी झाला की विखुरणं कमी होतं. प्रकाश आत खोल जातो आणि शोषला जातो. मेणाचा अपवर्तनांक १.४५ च्या जवळ, लाखेचा १.५ च्या जवळ. म्हणजे परिणाम पाण्यापेक्षाही जास्त, आणि पाणी वाळून जातं तसं हे जात नाही.

अजिंठ्याची भिंत

अजिंठ्याची चित्रं दोन काळांतली आहेत. ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रं सातवाहनकालीन, आणि १, २, १६, १७ या लेण्यांतली प्रसिद्ध चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. ही आपल्या विदर्भाचीच गोष्ट आहे. १६ वं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवलं, आणि हरिषेण हा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेचा राजा. वाकाटकांची दुसरी शाखा तर आमच्या आणखी जवळची. तिची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं.

ही चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. आधी खडकावर मातीचा गिलावा, त्यात वनस्पतींचे तंतू, भाताचं तूस, बारीक खडी. त्यावर पातळ पांढरा थर. तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे रंग सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेले. रंगाचे कण भरपूर, चिकट द्रव्य कमी, मधे हवा. म्हणजे अजिंठ्याची भिंत ही पूर्णपणे मॅट भिंत होती.

पहिला थर: नीट दिसावं म्हणून

१८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ही लेणी दिसली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पुढे १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या प्रती काढण्यासाठी नेमलं गेलं. त्यांनी अनेक वर्षं लेण्यांत राबून मोठमोठ्या प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या.

मग काम आलं मुंबईच्या कला विद्यालयाकडे, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाकडे. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्यात काम करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यापैकीच. लेण्यांत उजेड कमी, चित्रं धुळीने आणि धुराने मळलेली. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांनी अनेक चित्रांवर वॉर्निश फिरवलं. ओल्या मातीचंच तत्त्व, रंग लगेच गडद आणि ताजे दिसले असणार. त्यांच्या प्रतींपैकी शंभराहून अधिक १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत गेल्या.

इथे थांबून एक हिशेब करू. ग्रिफिथ्स यांच्या वॉर्निशच्या आधीची मोठी नोंद म्हणजे गिल यांच्या प्रती, आणि त्यातल्या मोजक्याच उरल्या. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे 'आधीचं' रीडिंगच जवळपास नाही.

दुसरा थर: टिकावं म्हणून

विसाव्या शतकात अजिंठा हैदराबाद संस्थानात होतं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या काळात, १९२० ते १९२२ दरम्यान, इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावण्यात आलं. गिलावा खडकापासून सुटत होता, रंगाचे पापुद्रे गळत होते. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, पापुद्रे बसवले आणि पृष्ठभागावर लाखेचं वॉर्निश दिलं.

यातलं पहिलं काम गरजेचंच होतं. ते झालं नसतं तर आज काही चित्रं भिंतीवर नसती, म्हणून त्या दोघांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. अडचण झाली ती लाखेच्या थराची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. अल्कोहोलमध्ये सहज विरघळते, छान पारदर्शक थर देते, लाकडाच्या फर्निचरला उत्तम. पण वर्षं जातात तशी ती पिवळी-तपकिरी पडते. तिचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि ती अल्कोहोलला दाद देईनाशी होते. थर आकसतो आणि खालचा रंग ओढून काढतो. वर बसलेली धूळ, काजळी तिच्यात अडकते. विखुरलेल्या प्रकाशात शांत दिसणारी भिंत पिवळट काचेमागे गेल्यासारखी झाली.

याझदानी यांचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात प्रकाशित झाले, म्हणजे लाखेच्या कामानंतर. जगभरच्या अभ्यासकांनी अजिंठ्याचे रंग पाहिले ते बरेचसे या छपाईतून. मग रंगसंगतीविषयी एखादं विधान वाचताना विचारावं लागतं, हा उबदार सोनेरीपणा पाचव्या शतकातल्या चित्रकाराचा की १९२० च्या लाखेचा? नमुन्यावर आपणच काहीतरी चढवायचं आणि नंतर तेच नमुन्याचा गुण म्हणून मोजायचं, ही चूक कुठल्याही विषयात होऊ शकते.

थर काढताना

पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांवर उलटं काम आलं, थर उतरवण्याचं. हे किती नाजूक आहे ते पाहा. लाख विरघळली पाहिजे, पण तिच्याखालचा रंग धरून ठेवणारं चिकट द्रव्य हललं नाही पाहिजे. ते द्रव्य पाण्याला घाबरतं, म्हणून पाणी बाद. ताजी लाख अल्कोहोलने निघाली असती, पण जुनी लाख अधिक तीव्र द्रावक मागते. त्यात काही ठिकाणी तिने रंग घट्ट धरलेला, म्हणजे लाख निघाली तर रंगही निघणार. म्हणून इंच-इंच भाग, आधी कोपऱ्यात चाचणी, मग पुढे. १९९९ नंतर ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांत असं सावकाश काम झालं, आणि काजळी-लाखेखालून कितीतरी तपशील पुन्हा दिसू लागला.

यातूनच आजच्या संवर्धनशास्त्राचा एक आग्रह समजतो. रोमच्या संवर्धन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात तो मांडला. आजच्या उपायाने उद्याच्या उपायाची वाट बंद होता कामा नये.

सेवाग्रामची भिंत

मॅट भिंत सांभाळण्याची दुसरी रीत बघायला मला आठ किलोमीटर जावं लागलं. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. तिथल्या कुट्या मातीच्या. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठावात घडवले. अशा भिंतीवर चकाकणारा थर चढवत नाहीत. मातीची डागडुजी मातीनेच होते. सारवलेल्या भिंतीचं मॅटपण तिच्यासोबतच नवं होतं.

म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. मातीची भिंत त्याच मातीने नवी करता येते. मामांची पट्टी काढून दुसरी लावता येते. अजिंठ्यात यातलं काहीच शक्य नाही, कारण तिथे जो वरचा थर आहे, तोच आपला पुरावा आहे. काळजी कशी घ्यायची, हे वस्तू किती चकाकते यावरून ठरत नाही. ती परत मिळू शकते का, यावरून ठरतं.

मामांच्या गाडीचं काय झालं?

पांढऱ्या ढगांवर आधी कोमट पाणी, सौम्य शांपू आणि मऊ ब्रश वापरला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळून, पट्टीच्या एका कोपऱ्यावर तपासून, मऊ फडक्याने हलकेच पुसलं. अल्कोहोलने मेण पूर्ण विरघळत नाही, पण तेलकट थर सुटतो आणि उरलेली पूड निघते. टपावरची पट्टी जवळजवळ पूर्ववत झाली. बॉनेटवरची झिजलेली होती, ती बदलावी लागली.

आता आमच्या घरी नियम असा आहे. मेण लावण्याआधी पट्टीवर आणि तिच्या कडेवर मास्किंग टेप लावायची, कारण कडेला साचलेलं मेण सर्वांत चिवट. पट्टीच्या जवळपास पॉलिशचं मशीन न्यायचं नाही, हातानेच काम करायचं. पट्टी धुवायची ती साध्या शांपूने, सावलीत, गाडी गार असताना. वर्धेच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तापलेल्या काळ्या पट्टीवर काहीही टाकलं तर ते तिथेच वाळून बसतं. पक्ष्याची घाण खरवडायची नाही, भिजवून उचलायची. प्रेशरच्या पाण्याचा फवारा कडेवर मारायचा नाही.

आणि तुमच्या वहीसाठी चार ओळी. नमुन्याला हात लावण्याआधी त्याची नोंद करा, फोटोसकट. त्यातला एक तुकडा कशालाही न लावता बाजूला ठेवा. पहिली चाचणी कोपऱ्यात घ्या. आणि गाईडला विचारण्याआधी स्वतःला विचारा, मी जे करणार आहे ते उलटवता येईल का? येणार नसेल, तर एक दिवस थांबून पुन्हा विचार करा. बॉनेटवरून काढलेल्या पट्टीचा एक तुकडा मी माझ्या वहीत चिकटवून ठेवला आहे, अर्धा मॅट आणि अर्धा चकचकीत.