नेपाळच्या सिलेखान्यांतील बंदुका

नवें हत्यार हातीं आलें म्हणजे जुन्याचें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक सैन्यापुढें केव्हां ना केव्हां येतोच. बहुतेक सरकारें जुनें हत्यार मोडींत काढतात, किंवा एखाद्या गरजू राजास विकून मोकळीं होतात. नेपाळच्या राणा सरकारानें मात्र दोन्ही मार्ग टाळले. त्यानें जुनें म्हणून फारसें कांहीं टाकलेंच नाहीं. काठमांडूंतील लगन सिलेखाना नांवाच्या जुन्या वाड्यांत पिढीमागून पिढीच्या बंदुका वंगण फांसून एकीवर एक रचून ठेविल्या गेल्या, आणि तेथेंच त्यांच्यावर धुळीचीं पुटें चढत गेलीं. सिलेखाना हा शब्द मराठी माणसास परका वाटूं नये. आपल्याकडील 'शिलेखाना' तो हाच.

सन २००३ मध्यें हा सांठा अमेरिकेंतील 'इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स' आणि 'ॲटलांटा कटलरी' या दोन व्यापारी कंपन्यांनीं विकत घेतला. बंदुकांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. नेपाळांत तेव्हां माओवाद्यांचें युद्ध पेटलेलें होतें, राणांची सत्ता १९५१ सालींच लयास गेली होती, आणि राजसिंहासनहि पुढें पांच वर्षांनीं जावयाचें होतें. अशा काळीं जुन्या लोखंडाची आठवण कोणास राहणार? एका देशाच्या शस्त्रविद्येचा एवढा मोठा पुरावा एकाच सौद्यांत समुद्रापार गेला, ही गोष्ट मनास लागल्यावांचून राहत नाहीं. परंतु तो वाड्यांत पडून होता तोंवर अभ्यासकांच्या दृष्टीस तो जवळजवळ पडतच नव्हता, हेंहि तितकेंच खरें.

त्या ढिगाऱ्यांत शंभर वर्षांचा इतिहास थरांनीं बसलेला होता. तळाशीं 'ब्राऊन बेस' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या, गुळगुळीत नळीच्या व चकमकीच्या बंदुका. १८१४ ते १८१६ या इंग्रज-नेपाळ युद्धाचा काळ तो याच जातीच्या हत्यारांचा. त्यानंतर 'ब्रन्झविक' रायफल. हिच्या नळींत दोनच खांचा असत, आणि गोळीच्या कमरेभोंवतीं एक उंच पट्टा असे. तो पट्टा त्या खांचांत बसवून गोळी गजानें खालीं ठांसावयाची. चार फेरी झाडून नळींत दारूची काजळी सांचली कीं हीच गोळी खालीं उतरेना, अशी तिची ख्याति होती. तिच्यानंतरची १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड तर हिंदुस्थानच्या इतिहासांत तिच्या काडतुसांमुळें अजरामर झाली आहे. १८५८ त जंगबहादुर राणा स्वतः फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीस लखनौवर गेला. आणि नियतीचा खेळ असा कीं, पुढें त्याच जंगबहादुराच्या राज्यांत नानासाहेब पेशव्यांच्या कुटुंबास आश्रय मागावा लागला.

१८६६ सालीं इंग्रजांनीं स्वीकारलेली 'स्नायडर' ही जुन्या बंदुकीच्या पुनरुद्धाराचाच एक नमुना होय. ठासणीच्या एन्फील्डची नळी मागील टोंकास कापावयाची, तेथें बिजागरीवर उघडणारा लोखंडी ठोकळा बसवावयाचा, कीं तीच बंदूक मागून काडतूस भरण्याची झाली! १८७१ त आलेल्या 'मार्टिनी-हेन्री'नें मात्र बंदुकीची सारी बांधणीच बदलली. चापाच्या मागची दांडी खालीं ओढतांच आंतील ठोकळा खालीं सरकतो, काडतूस आंत जातें, आणि दांडी वर केली कीं बंदूक झाडण्यास सिद्ध.

अशीं नवीं हत्यारें नेपाळास देण्यास इंग्रज सरकार फारसें राजी नसे. गुरख्यांची भरती त्यास हवी होती, पण बलिष्ठ शेजारी नको होता. १८८५ त सत्तेवर आलेल्या बीर शमशेरानें भरतीस मोकळीक देऊन त्याच्या बदल्यांत हत्यारें मिळविण्याचें धोरण आंखलें खरें. तथापि मागण्यापेक्षां घडविणें बरें हा विचारहि दरबारांत मूळ धरीत होता. बीर शमशेराचा पुत्र गहेंद्र शमशेर याच्या नांवानें ओळखली जाणारी रायफल ही त्या विचाराचें फळ. बाहेरून पाहणारा तिला मार्टिनीच समजेल. आंत मात्र वेस्ली रिचर्ड्स या इंग्रज कारखान्याच्या रचनेस अनुसरून चपट्या पात्यांच्या कमानी आहेत. ही बंदूक हातानें, कानशीनें घासून घडविलेली. त्यामुळें एका बंदुकीचा भाग दुसरीस बसेलच असा भरंवसा नाहीं. गहेंद्रास केवळ नक्कल करणारा म्हणणें हा अन्याय होईल. यंत्रसामुग्रीची वाण असतां आणि शेजारी सावध बसला असतां त्याच्या कारागिरांनीं हें काम तडीस नेलें.

अमेरिकेंत या बंदुका दोन प्रकारें विकल्या गेल्या: कांहीं साफ करून, तर कांहीं सिलेखान्यांतून निघाल्या तशाच, मळासकट. दुसऱ्या प्रकारच्या स्वस्त, आणि हौशी माणसास अधिक प्रिय. पेटी उघडली कीं हातीं येतो तो काळपट, चिकट लोखंड-लांकडाचा एक दांडा. पहिलें काम स्वच्छतेचें नव्हे, सावधगिरीचें. ठासणीच्या बंदुकींत जुना बार तसाच राहिलेला असूं शकतो. म्हणून गज नळींत तळापर्यंत घालून खूण करावयाची, आणि तोच गज बाहेरून नळीशीं लावून पाहावयाचा. खूण कान्यापासून बोटभर अलीकडे राहिली, तर आंत कांहींतरी आहे असें समजावें.

मग राकेलमध्यें भिजविणें, पितळेच्या पट्टीनें वंगण खरवडणें, आणि पुन्हां भिजविणें. सुटलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या भोंकाच्या नांवानें वेगळा ठेवावा लागतो, कारण हातानें पाडलेले आटे दुसरीकडे लागत नाहींत. लांकडावरील पोंचे ओलें फडकें व तापलेली इस्तरी यांनीं वर येतात. शेवटीं जवसाचें तेल हातानें मुरवितात. येथवर ठीक. पण उत्साहाच्या भरांत कित्येकजण कांचकागद हातीं घेतात, आणि तेथेंच सारा घात होतो. लांकूड सोन्यासारखें उजळतें, आणि दस्त्यावर ठोकलेला क्रमांक मात्र कायमचा पुसला जातो. नळी नव्यासारखी काळीभोर करणाराहि हाच अपराध करतो. शिवाय गहेंद्र रायफल कितीहि सुरेख निघाली, तरी ती झाडूं नये असेंच जाणते सांगतात. जुन्या हातघडणीच्या पोलादाची ग्वाही कोण देणार?

ते क्रमांक आणि ती अक्षरें देवनागरींत आहेत. परदेशीं ग्राहकास तीं नुसती नक्षी वाटते; मराठी वाचकास तीं लागलींच वाचतां येतील. मात्र एक चकवा त्यासहि बसेल. नेपाळचा शक विक्रम संवताचा. नळीवरील १९५० हें वर्ष पाहून ती दुसऱ्या महायुद्धानंतरची मानली तर फसगत ठरलेली. तें वर्ष इसवी सनाचें १८९३-९४ होय. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणें १८९८ अखेरपर्यंत घडलेली बंदूक ही पुराणवस्तु, नंतरची ती हत्यार. ही सीमारेषा नेमकी संवत १९५५ च्या मधून जाते. म्हणजे त्या एका वर्षाचा आंकडा असलेल्या बंदुकीबाबत ती वैशाखांत घडली कीं माघांत, हें कळल्याखेरीज निकाल लागत नाहीं. आणि महिना नळीवर नसला, तर तें तिला घडविणारा लोहारच सांगूं शकला असता.