पडद्यावरचा संहार आणि प्रेक्षकाची कृतज्ञता

वंशसंहारावरचा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवला की नंतरच्या चर्चेत सहसा दोन सूर उमटतात. ‘आपण किती सुदैवी आहोत’ हा पहिला आणि ‘आपण काहीतरी केले पाहिजे’ हा दुसरा. पहिल्याला आपण कृतज्ञता म्हणून मोकळे होतो, दुसऱ्याला सामाजिक जाणीव. ‘कृतज्ञ’ शब्दाचा रूढ अर्थ उपकार जाणणारा. पण फोड केली तर ‘केलेले जाणणारा’ एवढाच अर्थ उरतो. काय केले गेले, कोणी केले, कोणाच्या बाबतीत केले, हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. आपल्यावर तशी वेळ आली नाही या समाधानाला हा शब्द लावणे मला तरी जड जाते. तरुण प्रेक्षक कृतीकडे वळतो तो या जाणण्याच्या वाटेने, असे माझे मत आहे, आणि त्याला आधार पश्चिम जर्मनीतील १९७९ सालच्या एका प्रसंगाचा आहे.

त्या वर्षी जानेवारीत ‘होलोकॉस्ट’ ही चार भागांची अमेरिकन मालिका तेथील दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. बर्लिनमधील डॉक्टर वाइस यांचे ज्यू कुटुंब आणि एस. एस. संघटनेत शिरून पायऱ्या चढत गेलेला एरिक डॉर्फ हा वकील, अशा दोन काल्पनिक घरांमधून ती साठ लाखांच्या हत्येची कथा सांगते. आदल्या वर्षी अमेरिकेत ती दाखवली गेली तेव्हा ऑशवित्झमधून वाचलेले लेखक एली विझेल यांनी तिच्यावर उथळपणाचा कठोर आरोप केला होता. जर्मन दूरचित्रवाणीच्या अधिकाऱ्यांतही एकमत होईना. अखेर मुख्य वाहिनी टाळून ती प्रादेशिक वाहिन्यांवर दाखवण्यात आली. मालिका सुरू होण्याच्या काही दिवस आधी याच विषयावरील एका माहितीपटाच्या वेळी अतिउजव्यांनी कोब्लेंझ आणि म्युन्स्टर या शहरांजवळच्या प्रक्षेपण-यंत्रणेवर बॉम्बहल्ले केले. तरीही सुमारे २ कोटी लोकांनी मालिका पाहिली. प्रत्येक भागानंतर इतिहासकार स्टुडिओत बसून प्रेक्षकांच्या दूरध्वनींना उत्तरे देत आणि दूरध्वनी हजारोंनी येत. ‘होलोकॉस्ट’ हा परका शब्द जर्मन भाषेत इतका रुळला की १९७९ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून त्याचीच निवड झाली.

यापूर्वी जर्मन तरुणांनी प्रश्न विचारले नव्हते असे मुळीच नाही. १९६८ च्या पिढीने वडीलधाऱ्यांना धारेवर धरले होते. पण त्या पिढीची भाषा बहुतांशी ‘फॅसिझम’, ‘भांडवलशाही’ अशा मोठ्या संज्ञांची होती. आता प्रश्न घरातल्या जेवणाच्या टेबलावर आला. आजोबा, तेव्हा तुम्ही कोठे होता? शेजारचे कुटुंब नेले तेव्हा त्यांचे सामान कोणी घेतले?

वाङ्मयाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी गोष्ट यापुढे आहे. आलँ रेने यांचा ‘रात्र आणि धुके’ हा अवघ्या अर्ध्या तासाचा लघुपट १९५६ पासून उपलब्ध होता. माउटहाउझेनच्या छळछावणीत राहिलेल्या जाँ केरॉल यांचे निवेदन आणि त्याचा जर्मन अनुवाद साक्षात पाउल त्सेलान यांचा! पश्चिम जर्मन सरकारच्या आग्रहावरून तो कान महोत्सवाच्या स्पर्धेतून काढला गेला, हेही खरे. पण पुढे तो जर्मन शाळांतून वर्षानुवर्षे दाखवला जात होता. कलाकृती म्हणून त्याच्यापुढे ‘होलोकॉस्ट’ मालिकेची गणना कोणी करणार नाही. मात्र त्या फ्रेंच निवेदनात ‘ज्यू’ हा शब्द जेमतेम एकदा येतो. पाहणाऱ्या मुलाला संहार दिसत होता, पण मेलेल्यांची नावे, त्यांचे पत्ते आणि मारणाऱ्याची नोकरी दिसत नव्हती. मेलोड्रामाने नेमके हेच दिले. आपण वर्गात ज्या वाङ्मयप्रकाराला नाके मुरडतो त्याने एका समाजाला आपला इतिहास पाहायला लावावे, ही वस्तुस्थिती गिळणे कठीण आहे खरे.

जर्मन कायद्यानुसार त्या काळातील खुनांवर खटले भरण्याची मुदत १९७९ अखेर संपणार होती. ३ जुलै १९७९ रोजी संसदेने २५५ विरुद्ध २२२ मतांनी खुनासाठीची ही मुदतच रद्द केली. मालिकेनेच हे घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण हा वाद १९६५ आणि १९६९ मध्येही झाला होता. पण मुदत रद्द करण्यास अनुकूल असणाऱ्यांचे प्रमाण मालिकेनंतर वाढले, हे निश्चित. त्यापाठोपाठ राष्ट्राध्यक्षांच्या नावे भरणाऱ्या शालेय इतिहास-स्पर्धेने नाझी राजवटीतील दैनंदिन जीवन हा विषय दिला आणि मुले गावोगावच्या दप्तरखान्यांत शिरली. त्याच सुमारास पासाउ गावात आना रोस्मुस ही विशीतली मुलगी आपल्या गावाचा नाझीकाळ शोधू लागली तेव्हा कागदपत्रे मिळवण्यासाठी तिला न्यायालयात जावे लागले, धमक्याही आल्या. मिखाएल फेरहोवेन यांचा ‘भयंकर मुलगी’ (१९९०) हा चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे.

या तुलनेत २००४ चा ‘हॉटेल रवांडा’ पाहावा. किगालीतील हॉटेलात १,२६८ जणांना आसरा मिळाल्याची ही कथा १९९४ मधील शंभर दिवसांच्या, सुमारे ८ लाख बळींच्या संहारातील आहे. लोक दूरचित्रवाणीवर हे पाहतील, हळहळतील आणि जेवायला बसतील, असे त्यातले एक पात्र म्हणते. अमेरिकी विद्यार्थ्यांना ते झोंबले असावे. त्या वेळी सुदानमधील दारफुर प्रांत पेटलेला होता आणि महाविद्यालयांतून चळवळ उभी राहिली. तिचा सर्वांत भरीव भाग मला मोर्च्यांत दिसत नाही. आपल्या विद्यापीठाचा निधी सुदानशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांत गुंतला आहे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला आणि २००५ मध्ये हार्वर्डने पेट्रोचायना कंपनीतील गुंतवणूक काढून घेतली. हादेखील घरचाच दप्तरखाना उघडणे होते.

चित्रपटाने प्रेक्षकाची कृतज्ञता मात्र एका नायकाच्या ओटीत घातली. त्या हॉटेलातून वाचलेल्या काहींनी पुढे या चित्रणाला आक्षेप घेतला. नायक पॉल रुसेसाबागिना यांना २०२० मध्ये अटक झाली, २०२१ मध्ये दहशतवादाच्या आरोपांवरून २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०२३ मध्ये सुटका झाली. तो खटला न्याय्य नव्हता अशी टीका जगभर झाली. यात कोण किती खरे, याचा निवाडा पडद्यावरच्या प्रतिमेवरून करता येत नाही. दारफुरमध्ये २०२३ पासून पुन्हा संहार सुरू झाला, तो जुन्या जंजावीद टोळ्यांतून तयार झालेल्या सैन्याच्या हातून.

१९७९ च्या मतदानाचा धागा २०१५ पर्यंत पोहोचला. ऑशवित्झमध्ये कैद्यांकडून लुटलेल्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ऑस्कर ग्रोनिंगला त्या वर्षी ल्यूनेबुर्गच्या न्यायालयाने ३ लाख खुनांत साहाय्य केल्याबद्दल ४ वर्षांची शिक्षा सुनावली. तेव्हा तो ९४ वर्षांचा होता. हंगेरीतून ऑशवित्झला नेलेल्या आणि वाचून कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या वृद्ध स्त्रिया साक्षीसाठी समुद्र ओलांडून आल्या होत्या. आपल्या घरच्यांची नावे त्यांनी भर न्यायालयात सांगितली.