दिनविशेष : २३ मे

१९६४ : ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतील ‘द अ‍ॅझ्टेक्स’ या चार भागांच्या कथेचा पहिला भाग बीबीसीवर शनिवारी प्रसारित झाला. लेखक जॉन लुकारोटी. डॉक्टर आणि त्यांची कालप्रवासी मंडळी मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक राज्यात उतरतात. थडग्यात सापडलेले कंकण हातात घातलेल्या त्यांच्यातल्या बार्बराला पुजारी देवत्व बहाल करतात. ती पेशाने इतिहासाची शिक्षिका. नरबळी थांबवला तर ही संस्कृती स्पॅनिश आक्रमणातून वाचेल, असे तिला वाटते; इतिहास बदलता येत नाही, असे डॉक्टर तिला खडसावतात. खरी लढत जॅकलिन हिलच्या बार्बराची आणि जॉन रिंगहॅमने रंगवलेल्या कावेबाज पुजारी ट्लोटॉक्सलची. एकही राक्षस नाही की यंत्रमानव. तरी पकड सुटत नाही. विल्यम हार्टनेलचे एरवी तिरसट डॉक्टर इथे कॅमेका नावाच्या विदुषीला कोको करून पाजतात. तिथल्या रीतीने कोको पाजणे ही लग्नाची मागणी ठरते आणि म्हातारबुवांचा साखरपुडाच होऊन बसतो! स्टुडिओतले देऊळ पडद्यावर रंगवलेले, हे लपत नाही. पण ते खटकतही नाही. लुकारोटींच्याच ‘मार्को पोलो’ कथेचे सातही भाग आज उपलब्ध नाहीत. ‘द अ‍ॅझ्टेक्स’चे चारही भाग मात्र शाबूत आहेत.