एक सीपीयू, एक मत

सातोशी नाकामोतो या नावानं ऑक्टोबर २००८ मध्ये नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून बिटकॉइन जन्माला आलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या निबंधातला मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग मात्र पैशाबद्दल नाही. तो मतदानाबद्दल आहे.

प्रश्न असा होता : बँक नाही, सरकार नाही, मग कोणाचा हिशेब खरा धरायचा? बहुमताचा. पण इंटरनेटवर डोकी कशी मोजणार? प्रत्येक इंटरनेट पत्त्याला एक मत दिलं, तर हजार पत्ते घेऊन बसणारा एकटाच निवडणूक जिंकेल. सातोशीचं उत्तर होतं की मत संगणकाच्या मेंदूला द्यावं. एक सीपीयू, एक मत. ज्याला मत द्यायचंय त्यानं आपला प्रोसेसर कामाला लावावा. पत्ते फुकट मिळतात, प्रोसेसर आणि वीज मिळत नाहीत.

या कल्पनेचं पुढं काय झालं, हा मला क्रिप्टोच्या भावांच्या चढउतारापेक्षा जास्त महत्त्वाचा इतिहास वाटतो. कारण तो शेवटी एका साध्या प्रश्नापाशी येतो : तुमच्या हातातलं यंत्र नक्की कोणाचं आहे?

आधी मायनिंग म्हणजे काय ते दोन ओळींत. हिशेबाच्या वहीला नवं पान जोडायचं असेल, तर पानावरच्या मजकुराला एक आकडा जोडायचा आणि सगळं मिळून एका गणिती चरकात घालायचं. बाहेर येणारी संख्या, म्हणजे हॅश, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान निघाली तर तुम्ही जिंकलात. कोणता आकडा लागेल, हे मटक्यासारखंच आधी कळत नाही. एकेक लावून बघायचा. सेकंदाला जितके आकडे लावता येतात, तितका तुमचा हॅशरेट.

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनची पहिली आवृत्ती आली ती फक्त विंडोजसाठी. म्हणजे या नव्या लोकशाहीचं पहिलं मतदान केंद्र एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडलं होतं. पहिल्या काही मतदारांपैकी एक होते अमेरिकी प्रोग्रामर हॅल फिनी. त्यांनी त्यांच्या साध्या संगणकावर काही ब्लॉक काढले. त्या वेळी एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळत. मग त्यांनी मायनिंग बंद केलं. कारण त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय : संगणक फार तापत होता आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास होत होता.

डिसेंबर २००९ मध्ये ०.२ आवृत्तीबरोबर लिनक्सचं दार उघडलं. त्या कामात मार्टी माल्मी या फिनलंडच्या विद्यार्थ्याचा मोठा हात होता. जुलै २०१० च्या ०.३ आवृत्तीत मॅक आलं. याच आवृत्तीत हॅशिंग २० टक्के जलद झाल्याचं जाहीर केलं होतं आणि आपला हॅशरेट दाखवणारा मीटरही त्यात होता. आता जो तो आपल्या मताचं वजन बघू लागला. वजन दिसायला लागलं की ते वाढवावंसंही वाटतंच.

मॅकची आवृत्ती करून देणारा प्रोग्रामर होता लास्लो हॅनयेच. मे २०१० मध्ये १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले तो हाच. त्याची दुसरी करामत पिझ्झाइतकी गाजली नाही, पण परिणाम तिचेच मोठे झाले. त्यानं ग्राफिक्स कार्डावर मायनिंग करून दाखवलं. गेमसाठी बनवलेल्या या कार्डात एकच साधी आकडेमोड एकाच वेळी करणारे शेकडो भाग असतात. आकडे लावण्याच्या कामाला ते सीपीयूपेक्षा कित्येक पट चपळ. जीपीयूची ही शर्यत जितकी लांबवता येईल तितकी सभ्यपणे लांबवू या, असं सातोशीनं डिसेंबर २००९ मध्येच सुचवलं होतं. नव्या माणसाला साध्या संगणकावर सहभागी होता यावं, हा त्यामागचा हेतू. पण तोंडी सामंजस्यानं शर्यती थांबत नाहीत. २०१३ मध्ये फक्त बिटकॉइनचा आकडा लावणं एवढंच काम करणाऱ्या चिप, म्हणजे एसिक, ग्राहकांच्या हातात पडू लागल्या. २०१६ साली बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमधून सीपीयू मायनिंगचा भागच काढून टाकला गेला. मतदान केंद्र राहिलं, मतदार यादीतून सामान्य संगणकाचं नाव गेलं.

इथं गोष्ट संपली असती. पण काहींना मूळ वाक्य सोडवेना.

त्यांनी विचार केला की सीपीयूकडे असं काय आहे जे एसिककडे स्वस्तात नसतं? उत्तर होतं : जवळची, जलद स्मृती. सीपीयूच्या आत कॅशचे थर असतात. ओट्यावरचा मिसळणाचा डबा, मग फडताळ, मग कोठीची खोली, अशी ही व्यवस्था. रॅम म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. मायनिंगच्या चरकाला भरपूर आणि जलद स्मृती लागेल असं केलं, तर नुसती आकडेमोड करणाऱ्या चिपचा फायदा कमी होईल. ऑक्टोबर २०११ मध्ये चार्ली ली यांनी आणलेल्या लाइटकॉइननं याच हेतूनं स्क्रिप्ट नावाची पद्धत वापरली. पण तिला लागणारी स्मृती अवघी १२८ केबी ठेवली होती. जीपीयूनं ती पचवली, आणि २०१४ पर्यंत तिच्याही एसिक बाजारात आल्या.

एप्रिल २०१४ मध्ये मोनेरो आलं. त्याच्या क्रिप्टोनाइट पद्धतीला प्रत्येक धाग्यामागे २ एमबी स्मृती लागायची, म्हणजे प्रोसेसरच्या तिसऱ्या थरातल्या कॅशमध्ये जेमतेम मावेल एवढी. पण इथं एक वेगळीच भानगड निघाली. मोनेरोला वारशात मिळालेला मायनिंगचा कोड विचित्रपणे संथ होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड अँडरसन यांनी तो तपासला आणि लिहिलं की हा संथपणा मुद्दाम घातलेला दिसतो. ज्याच्याकडे मूळ जलद कोड असेल, तो बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. कोड दुरुस्त होईपर्यंत संगणक सगळ्यांचे सारखे असूनही मतं सारखी नव्हती. कामगिरी सुधारणं हा हौशी लोकांचा खेळ वाटतो, पण इथं ती निवडणूक आयोगाची तपासणी ठरली.

२०१८ मध्ये क्रिप्टोनाइटसाठीही एसिक जाहीर झाल्या. मोनेरोच्या लोकांनी एप्रिलमध्ये पद्धत बदलली, मग दर सहा महिन्यांनी बदलत राहिले. शेवटी ३० नोव्हेंबर २०१९ ला त्यांनी रँडमएक्स लागू केलं. आधी चार स्वतंत्र संस्थांकडून त्याची तपासणी करून घेतली होती.

रँडमएक्सची युक्ती अशी की चरकच दर वेळी बदलतो. प्रत्येक हॅशसाठी यादृच्छिक सूचनांचे आठ छोटे प्रोग्राम तयार होतात आणि ते चालवावे लागतात. बेरीज, गुणाकार, अपूर्णांक, फांद्या, सगळं. कोणताही प्रोग्राम चालवणं हे तर सीपीयूचंच काम. त्यावर मात करणारी चिप बनवायची, तर साधारण सीपीयूच बनवावा लागेल. जलद पद्धतीत त्याला २०८० एमबीचा माहितीसंच रॅममध्ये लागतो, शिवाय प्रत्येक धाग्यामागे २ एमबी कॅश. योगायोग बघा : त्याच नोव्हेंबरात एएमडीचा रायझन ९ ३९५०एक्स आला. ३२ धागे, तिसऱ्या थराची कॅश ६४ एमबी. धाग्यामागे बरोबर २.

आणि इथं ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा गोष्टीत येते. प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी विंडोज आणि लिनक्सवर हॅशरेट वेगळा येऊ शकतो. का?

ऑपरेटिंग सिस्टिम स्मृतीचे तुकडे करून वाटते. नेहमीचा तुकडा, म्हणजे पान, ४ केबीचं. २०८० एमबीची अशी ५,३२,४८० पानं होतात. कोणतं पान रॅममध्ये कुठं आहे, याच्या दीड-दोन हजार नोंदी आजचा प्रोसेसर तोंडपाठ ठेवू शकतो. पाच लाख खोल्यांच्या वस्तीत दोन हजार पत्ते पाठ असलेला पोस्टमन जसा दर पत्राला रजिस्टर उघडेल, तसं प्रोसेसरचं होतं. पण पान २ एमबीचं केलं, तर पानं उरतात फक्त १०४०. सगळे पत्ते पाठ. याला म्हणतात ह्यूज पेजेस.

मी हे दोन्हीकडे करून पाहिलं, पैशासाठी नव्हे, फरक समजावा म्हणून. लिनक्सवर एका ओळीची आज्ञा द्यायची, पासवर्ड टाकायचा, मोठी पानं राखून ठेवली जातात. विंडोजवर वापरकर्त्याला 'पानं स्मृतीत पक्की बसवण्याचा' खास अधिकार द्यावा लागतो आणि मग नव्यानं लॉगइन. बराच वेळ चालू असलेल्या संगणकात सलग २ एमबीच्या मोकळ्या जागा उरत नाहीत, म्हणून चांगला आकडा हवा तर संगणक नव्यानं सुरू करावा. लिनक्सवर काही प्रोसेसरांत १ जीबीचं पानही मागता येतं.

दुसरी युक्ती आणखी खोलातली. पुढं काय लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर माहिती आधीच आणून ठेवतो. रँडमएक्समध्ये सगळंच यादृच्छिक, त्यामुळे हा अंदाज चुकतो आणि कॅशमध्ये नको ते भरतं. ही सवय बंद करायची, तर प्रोसेसरच्या आतल्या विशेष नोंदींमध्ये, एमएसआरमध्ये, लिहावं लागतं. त्यासाठी लिनक्सवर रूट हवा. विंडोजवर प्रशासकाचा अधिकार हवा आणि वेगळा ड्रायव्हरही.

लक्षात येतंय का? वेगाची प्रत्येक पायरी एकच गोष्ट मागते : परवानगी. सर्वात वजनदार मत त्याचं, ज्याच्या हातात यंत्राच्या सगळ्या किल्ल्या आहेत. सातोशीच्या वाक्यात यंत्र आणि मालक एकच असल्याचं गृहीत धरलं होतं. तिथंच ते वाक्य ठिसूळ होतं.

कारण किल्ल्या चोरताही येतात. सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा सुरू झाली. वेबपानावर चार ओळी टाकल्या की ते पान वाचणाऱ्याचा प्रोसेसर पानाच्या मालकासाठी मोनेरो काढू लागायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये वाचनाला मदत करणाऱ्या एका प्लगइनमध्ये ही स्क्रिप्ट घुसवली गेली आणि ब्रिटनच्या सरकारी पानांसह चार हजारांहून जास्त संकेतस्थळं एका दिवसात बोगस मतदान केंद्रं झाली. स्मॉमिनरू हे जाळं त्याहून दांडगं. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच बुजवलेली फट ज्यांनी अपडेट न केल्यामुळे उघडी राहिली, अशा विंडोज यंत्रांत ते शिरलं. प्रूफपॉइंटच्या संशोधकांना २०१८ च्या सुरुवातीला त्यात ५,२६,००० हून जास्त यंत्रं दिसली. सर्वाधिक यंत्रं असलेल्या देशांत रशिया आणि तैवानबरोबर भारत होता. पाच लाख मतं, एक मतदार. वीजबिल मात्र ज्याचं त्याला.

रँडमएक्सच्या कर्त्यांनी यातून धडा घेतला होता. २ जीबी रॅमची गरज आणि अपूर्णांकांच्या पूर्णांकनाचे विशिष्ट नियम यांमुळे ब्राउझरमधलं मायनिंग परवडेनासं झालं. पण मतं विकत घेणं कोणती पद्धत थांबवणार? ऑगस्ट २०२५ मध्ये क्युबिक या दुसऱ्याच प्रकल्पानं आपलं नाणं वाटून मोनेरोच्या मायनरांना आपल्याकडे ओढलं आणि निम्म्याहून जास्त ताकद मिळवल्याचा दावा केला. दाव्यावर वाद झाला. पण त्या महिन्यात मोनेरोच्या वहीतली सहा पानं उलटवून नव्यानं लिहिली गेली. तिथले सीपीयू खरे होते आणि मालकही खरे. तरी मतं एकगठ्ठा पडली.

हे वाचून घरी मायनिंग करावंसं वाटलं, तर आपल्याकडचं गणितही बघून घ्या. १०० वॅट खाणारा संगणक दिवसाला २.४ युनिट वीज घेतो. भारतात एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगला लागलेला पायाभूत खर्च त्यातून वजा करता येत नाही.

आता तुमच्या हातातला फोन. त्यातला प्रोसेसर हॅल फिनींच्या २००९ च्या संगणकापुढे कमी पडणार नाही. पण मोठी पानं मागण्याचा किंवा प्रोसेसरच्या नोंदी बदलण्याचा अधिकार त्यावर तुम्हाला नाही. फोनवरच मायनिंग करणारी अ‍ॅप अ‍ॅपल आणि गूगल दोघांनीही २०१८ मध्ये आपल्या दुकानांत बंद केली. त्याला कारण होतं. लोआपी नावाचा मायनिंग करणारा व्हायरस कॅस्परस्कीच्या लोकांनी एका फोनवर तपासला, तेव्हा दोन दिवसांत त्याची बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलं होतं.

ही बंदी मला चुकीची वाटत नाही. कुलूप चोरालाही अडवतं आणि मालकालाही, आणि फोनच्या बाबतीत बहुतेकांना तो सौदा परवडतो. फक्त तो सौदा आहे, हे माहीत असावं. तुमच्या नावावर बिल आहे, तुमच्या बोटाचा ठसा आहे, पण किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याकडे आहे. जुना लॅपटॉप कपाटात पडला असेल, तर कधीतरी त्यावर लिनक्स टाकून बघा. मायनिंगसाठी नका टाकू. रूट म्हणून पासवर्ड मागणारं आणि तुमचंच ऐकणारं यंत्र कसं असतं, एवढं एकदा कळावं म्हणून टाका.