पंतोजींची धूळपाटी

शिक्षकाच्या निवृत्तीचा दिवस आधीपासून ठरलेला असावा, त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन त्याचा गौरव व्हावा आणि पुढे त्याला निवृत्तिवेतन मिळावे, ही व्यवस्था सरकारी शिक्षणखात्याबरोबर आली. तत्पूर्वी देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत शाळा चालविणाऱ्या पंतोजींना ना सनद होती ना मुशाहिरा, आणि बारा बलुतेदारांत त्यांची गणना नसल्यामुळे खळ्यावरच्या धान्यातही त्यांचा वतनी वाटा नसे. मुलांच्या घरून येणारा शिधा आणि सणावारी मिळणारा पैसा, एवढ्यावरच त्यांचा प्रपंच चाले.

त्यांच्या छडीच्या आठवणी पुष्कळांनी सांगितल्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. परंतु मला त्या छडीहून त्यांची धूळपाटी अधिक जवळची वाटते. लाकडी फळीवर विटकरीची बारीक पूड पसरावी, तीवर पंतोजींनी अक्षर काढावे, त्याच रेषेवरून मुलाने काडी फिरवीत राहावे आणि हात बसला की धूळ पुन्हा सारखी करावी. आरंभ 'ओनामासीधं'चा, मूळचे 'ॐ नमः सिद्धम्' हे नमन अर्थ न जाणणाऱ्या बालमुखांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरून असे गुळगुळीत झाले होते. मग बोरू, कागद, कित्ता. पोथीसाठी बाळबोध, दप्तरासाठी मोडी. रोजकीर्द लिहिणारा कारकून आणि खतावणी सांभाळणारा दुकानदार दोघेही इथेच घडत, आणि तिन्हीसांजेला पावकी-निमकीची परवचा घरोघरी ऐकू येई.

1854 च्या शिक्षणविषयक सरकारी खलित्यानंतर मुंबई इलाख्यात 1855 साली स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 1836 साली छापलेले व्याकरण शिकविणारे नवे मास्तर गावोगाव रुजू झाले, आणि पंतोजींची शाळा, कोणी निरोप न देता, हळूहळू ओस पडली. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडीही शाळेतून गेली.

ज्यांचे नाव बहुधा कोणत्याच दप्तरात सापडत नाही, त्यांचा वारसा मात्र आपल्या जिभेवर आहे: धंद्याचा श्रीगणेशा करणारा व्यापारी, थोरांचा कित्ता गिरवा म्हणणारा वक्ता, तक्रारींचा पाढा वाचणारी शेजारीण, सारे पंतोजींचीच भाषा बोलतात. आणि दसऱ्याच्या सकाळी, अक्षरओळखही न झालेले मूल एकाच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढते, तेव्हा तिचा हात थोडा वाकडा आला तर घरातले कोणीतरी वडीलधारे त्याचे बोट धरून ती रेघ पुन्हा गिरवून घेते.