आश्रय आणि निवड : आपल्या परिसराचा इतिहास काय सांगतो?



परदेशातून येऊन वसू पाहणाऱ्या माणसांपैकी काहींना शासनाने झुकते माप द्यावे काय, हा प्रश्न डिसेंबर २०१९ पासून आपल्या घराघरांत बोलला गेला आहे. बहुधा तो रागाने किंवा भीतीने बोलला जातो. इतिहासाच्या शिक्षकाला मात्र राग आणि भीती बाजूला ठेवून जुनी उदाहरणे तपासावी लागतात. सुदैवाने त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

प्रथम आपल्या जव्हारचीच दंतकथा घ्या. महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे यांनी येथील वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदाराने हसत होकार दिला. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढला, असे सांगतात. जयबांचे पुत्र नेमशहा यांना दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली राजा म्हणून मान्यता दिली, हा इतिहास. कातड्याची गोष्ट मात्र कथाच. कार्थेजच्या राणीविषयीही अशीच गोष्ट सांगितली जाते. तरी तिच्यात एक शहाणपण आहे. येणारा कोण, त्याला काय हवे आणि कोणत्या अटींवर, हे विचारण्याचा हक्क यजमानाला असतो. तो न बजावला तर पुढे पस्तावावे लागते.

हा हक्क कसा बजावावा, हे संजाणच्या कथेत दिसते. इराणातून आलेल्या पारशांना तेथील राजाने काही अटी घातल्या. त्यांनी आपला धर्म समजावून सांगावा, येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील पोशाख घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत. हे सारे 'किस्सा-इ-संजाण' या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या काव्यातून कळते, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. राजाने वर्तनाच्या अटी घातल्या. 'तुमचा अग्नी विझवा' असे म्हटले नाही.

याहून भक्कम पुरावा आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटात आहे. तो राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्यात संजाण मंडळाचा अधिकारी म्हणून 'मधुमती' याचे नाव येते. तो 'ताजिक' होता, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचेच संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. दुसऱ्या कृष्णराजाने त्याला नेमले होते. बंदरांवर वचक बसवील असा, समुद्र जाणणारा माणूस राजाला हवा होता. राजाने त्याची लायकी पाहिली, नमाज पाहिली नाही. आणि या मधुमतीने काय केले? नद्यांवर फुकट तरी चालविल्या, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र उघडले आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला गाव व जमीन दिली. विद्यार्थी मित्रहो, अकराशे वर्षांपूर्वीचा हा पाठ आपल्या पाठ्यपुस्तकात नसला तरी तो पाठ करण्याजोगा आहे.

म्हणजे शासनाने निवड करूच नये, असे इतिहास म्हणत नाही. उपयुक्त माणसाला प्राधान्य मिळते. आपले कोकणातले कितीतरी भाईबंद कसबाच्या बळावरच आखातात गेले. संकटात सापडलेल्याला त्याहून आधी प्राधान्य मिळावे, हेही रास्तच. १९४७ नंतर घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले. त्याआधी १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यात मुख्यत्वे स्त्रिया आणि मुले होती. त्यांचा धर्म, भाषा, वर्ण यांपैकी काहीही आपले नव्हते. दुःख तेवढे ओळखीचे होते.

मग निवड अन्यायाची केव्हा होते? ऑस्ट्रेलियाने १९०१ साली कायदा करून येणाऱ्यांसाठी ५० शब्दांचे श्रुतलेखन ठेवले. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत ते लिहायचे. गोऱ्याची परीक्षा सहसा होत नसे. आशियाई माणसाला मात्र तो नापास होईल अशी भाषा देता येई. आम्ही शिक्षकही श्रुतलेखन घेतो, पण नापास करण्यासाठी नव्हे! जी अट कष्टाने, शिक्षणाने किंवा वर्तनाने पुरी करता येते ती अट. जी केवळ जन्म पाहते ती भिंत.

या कसोटीवर २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा पाहावा. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना त्याने नागरिकत्वाची वाट सुकर केली. तेथे त्यांचा छळ झाला हे खरे आहे. त्यांना आसरा मिळाला याचे दुःख आपण मानू नये. या कायद्याने भारतीय मुसलमानाचे नागरिकत्व जात नाही, हेही भीतीपोटी विसरू नये. परंतु छळ हीच कसोटी असेल, तर पाकिस्तानातील अहमदिया, अफगाणिस्तानातील हजारा आणि श्रीलंकेतील हिंदू तमिळ यांना ती का लावू नये? दुःख मोजताना धर्म विचारला गेला, एवढीच आमची तक्रार आहे, आणि ती सनदशीर मार्गाने मांडण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता आरसा स्वतःकडे वळवू. जव्हार-मोखाडा हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. भारतात कोठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला, आणि अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्याच कलमात वाजवी बंधनांची सोयही ठेवली. आदिवासींची जमीन परवानगीवाचून बिगरआदिवासीला घेता येत नाही. दुकानदारी, व्यापार वा नोकरीसाठी येथे आलेल्या आपल्यासारख्यांना हे बंधन जाचक वाटते काय? वाटू नये. कातड्याची गोष्ट पुन्हा घडू नये म्हणून ते आहे. येथे यजमान वारली, कोकणा, कातकरी आणि महादेव कोळी आहेत.

आणि हेच यजमान दिवाळीनंतर पोटासाठी भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे ते परके ठरतात. त्यांच्या मुलांची शाळा सुटते. परदेशचे लोंढे आपल्या गावी येणार नाहीत. ही मुले मात्र उद्या आपल्या समाजाच्या शाळांच्या दारात येऊ शकतात. तेव्हा आपण त्यांचे नाव-जात विचारू, की आधी पाटी देऊ?

पालकहो, शासनाकडे न्याय मागताना आपला दाखला स्वच्छ हवा. मुलांचे जन्मदाखले जपा, त्यांना मराठी उत्तम शिकवा, मुलींची शाळा अर्ध्यावर सोडवू नका. आणि मधुमतीने वाटसरूंसाठी अन्नछत्र उघडले होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.