विद्याधरांच्या घरची अंजना



बीडमधल्या कुठल्याही मुलाला विचारा, आकाशात कोण उडतो? तो मारुतीचेच नाव घेईल. आपल्या जैन रामकथेतला हनुमान मात्र वानर नाही. ध्वजावर वानराचे चिन्ह असलेल्या वंशाशी त्याचे नाते. तो विद्याधर, विद्येच्या बळावर आकाशात जाणारा. विमलसूरींनी ही कथा महाराष्ट्री प्राकृतात लिहिली, रविषेणाचार्यांनी ७व्या शतकात संस्कृतात.

मला मात्र त्याची आई आठवते. पवनंजयाने अंजनेला २२ वर्षे दूर ठेवले. मग युद्धावर जाताना तो एका रात्री आकाशमार्गे गुपचूप भेटून गेला. तिला दिवस राहिले, तेव्हा सासू केतुमतीने त्याने दिलेली खूणही मानली नाही. माहेरचे दारही बंद झाले. घरात विमाने, आणि सून रानात पायी! सोबत फक्त सखी वसंतमाला. हनुमान जन्मला तो गुहेत. मामा प्रतिसूर्य त्यांना विमानातून नेताना बाळ खाली पडले. खडक फुटला, बाळ सुखरूप. पुढे मांगीतुंगीहून तो मोक्षाला गेला, असे आपण मानतो.

मीही एकदा सुनेचे न ऐकताच बोलले होते. स्वाध्यायात केतुमती आली की माझी मान खाली जाते.